अजून एक वाक

मी शिकंजा. बोलायची सवय नाही. धरणं हे माझं काम. लोखंड, पितळ, लाकूड, दोन जबड्यांत द्याल ते धरतो आणि कोणी हात लावून सोडवेपर्यंत सोडत नाही. कारखान्यात मला बाँक म्हणायचे. मुलं व्हाइस म्हणतात. नावाचं मला काही नाही. आज बोलतो, कारण वेळ थोडा उरला आहे.

पंजाबातल्या एका भट्टीत मला ओतलं. अंग बिडाचं, आत पोलादी आट्यांचा दांडा, दोन माणसांनी उचलावं एवढं वजन. घडून झाल्यावर एका कारागिरानं माझ्या जबड्यात कागद धरला आणि ओढला. कागद फाटला, पण सुटला नाही. तेवढ्यावर मी पास झालो. त्यानंतर माझी परीक्षा कोणी घेतली नाही. कामच घेतलं.

ते काम दिल्लीजवळ मानेसरला. गाड्यांचे सुटे भाग करणारा कारखाना होता. तिथं मी हणमंतच्या हाताखाली आलो. हणमंत कराडकडचा, फिटर. शाळा सहावीपर्यंत. मी तर तेवढीही पाहिलेली नव्हती, म्हणून आमचं जमलं. तो कमी बोलायचा. माझा दांडा आवळताना त्यानं कधी पाइप लावून जोर केला नाही. हातानं आवळेल तेवढंच. पुढं कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली आणि मला कोपऱ्यात सरकवलं. हणमंत रिटायर झाला त्या दिवशी साहेब त्याला घड्याळ देत होते. तो म्हणाला, "घड्याळ नको. हा द्या."

शेअर ऑटोत त्यानं मला पायाशी ठेवलं. ऑटोवाला मागं वळून म्हणाला, "ताऊ, ये कौन सी सवारी है? गाड़ी बैठ गई मेरी."

"भाई है मेरा. तू चला."

"भाई तो बड़ा भारी है तेरा."

हणमंत हसला. मी त्याला हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

जमनापार, यमुनेच्या पलीकडं, एक लहान शाळा आहे. दिल्लीत नोकरीला आलेल्या मराठी माणसांनी काढलेली. हणमंतची नात अक्षता तिथं शिकते. कोणा कंपनीच्या मदतीनं शाळेत लॅब झाली. भिंतीवर रॉकेट रंगवलं, दातेरी चाकं रंगवली आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'करून शिका'. खोकी भरभरून सामान आलं. ते काचेच्या कपाटात ठेवून कपाटाला कुलूप घातलं. विज्ञानाच्या लतिकाबाईंच्या लक्षात आलं, सगळं आहे, पण एखादी वस्तू धरून तिच्यावर काम करायची सोय नाही. त्यांनी हणमंतला बोलावलं. हणमंतनं मला आणलं. लाकडी टेबलाला आवळून बसवलं आणि स्वतःही आठवड्याला तीन दिवस यायला लागला.

दिल्लीतली एक रीत मी तिथं पाहिली. मुलाचं प्रोजेक्ट बाप करतो. बापाला वेळ नसला तर बाजारच करून देतो. ज्वालामुखी तयार मिळतो, सूर्यमाला तयार मिळते. मूल फक्त इंग्रजी भाषण पाठ करतं. भाषण संपलं की मॉडेलकडं पाहतही नाही.

हणमंतचं वेगळं होतं. तो पहिल्या दिवशी लोखंडाचा एक तुकडा आणि एक कानस द्यायचा. "हे सपाट कर."

"काका, सपाटच तर आहे."

मग तो त्यावर गुण्याची सरळ कड टेकवायचा आणि खिडकीकडं धरायचा. "खालून उजेड येतो का? तो येईनासा झाला की मला हाक मार."

कोणाला चार दिवस लागत, कोणाला दहा. समर्थला बारा लागले. त्याचे वडील विश्वास शाळेत आले. "काका, माझ्या मुलाला इंजिनियर व्हायचंय. लोहार नाही."

"बरोबर आहे. पण लोहाराला काम सांगायचं झालं तर?"

विश्वास गेले. समर्थ राहिला.

मुलींच्या बाथरूमची कडी तीन वर्षं मोडलेली होती. तीन मुलींनी माझ्यावर पत्रा कापून दोन तासांत नवी बसवली. त्या दिवशी मला वाटलं, मानेसरपेक्षा इथं बरं आहे.

मग एका सप्टेंबरात हणमंत आला नाही. दुसऱ्या आठवड्यातही आला नाही. अक्षता आठवीत होती. ती टेबलापाशी आली तेव्हा बाईंनी विचारलं, "आजोबा कसे आहेत गं?"

"जेवत नाहीत, बाई."

त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय थोडा सावरला. उजवा हात खांद्यातून उचलता यायचा, पण बोटं काही धरत नव्हती.

"डावा हात चांगला आहे ना? त्यानं जेवू देत."

"म्हणतात, त्या हातानं मी अन्नाला शिवणार नाही. आजी भरवायला बसली की तोंड भिंतीकडं. चहा आणि ताक, बस."

"मी ऑनलाइन मागवून दिलं होतं, ते? हाताला चमचा बांधायचं?"

"ते रबराचं? यार, ते तर... सॉरी बाई. ते पहिल्याच घासाला फिरलं. सगळं वरण छातीवर. आजोबांनी भिरकावलं. म्हणाले, बाजारचं नको. तू कर, मग घालीन."

हसू नका. डाव्या हातानं जेवायचं नाही हे त्याला आईनं शिकवलेलं. ज्या उजव्या हातानं चाळीस वर्षं घर चालवलं, तोच हात अंथरुणावर पडून आहे, आणि माणसाला सांगता, दुसऱ्यानं भागव. भागवणारे भागवतात. हणमंत त्यातला नाही. चूक असेल. मला त्याची चूक कळते.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. अक्षताचे आईवडील दोघं गुडगावला नोकरीला, सकाळी जातात ते रात्री उशिरा येतात. घरी शेवंता, हणमंतची बायको, आणि शाळेतून आली की ही पोर. म्हणून काम तिच्यावर आलं.

हाताचं माप कसं घ्यायचं हे शेवंतानं सुचवलं. तिनं घट्ट कणीक मळली आणि हणमंतची मूठ तिच्यात दाबली. अक्षतानं तो गोळा डब्यात घालून शाळेत आणला. समर्थनं डब्यात डोकावलं. "पराठा आणलास?"

"आजोबांचा हात आहे."

समर्थनं डब्याचं झाकण हळूच लावलं.

आधी पुठ्ठ्याचं करून पाहिलं. मग ॲल्युमिनियमची पट्टी घेतली. पट्टीला दोन वाक द्यायचे. पहिला तळहाताभोवती, दुसरा मनगटापाशी, म्हणजे हात कसाही उचलला तरी चमचा आडवा राहील. पुढच्या टोकाला खाच पाडून चमचा बसवायचा. वाक एकदाच द्यायचा असतो. सरळ करून पुन्हा वाकवलं की पट्टी तडकते. बाईंनी हा आठवीच्या मुलांचा प्रकल्प म्हणून लिहून घेतला. घासायला मुलं होती, पण वाक द्यायचं काम अक्षता कोणाला देत नव्हती.

नोव्हेंबरातला शुक्रवार. तिनं पट्टी माझ्यात धरली आणि लाकडी हातोडीनं वाक द्यायला सुरुवात केली. पहिला वाक निम्मा झाला तेवढ्यात घंटा झाली. "सोमवारी करू," बाई म्हणाल्या. पट्टी माझ्यातच राहिली. कारखान्यातही असं व्हायचं. पाळी सुटली की काम जबड्यात, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं.

सोमवारी कोणी आलं नाही. हवा बिघडली होती. शाळा बंद, वर्ग फोनवर. खिडकीतून समोरची पाण्याची टाकी दिसायची, ती दिसेनाशी झाली. मुलांना घरी ठेवायचं हे बरोबरच. पण 'करून शिका' हे फोनवर कसं करायचं, हे कोणी सांगितलं नाही.

गुरुवारी फाटकाशी अक्षताचा आवाज आला. चौकीदार म्हणाला, "बेटा, ऑर्डर है. मास्क में भी नहीं."

"भैया, सिर्फ एक पट्टी लेनी है. दो मिनट."

"चाबी मैडम के पास है. मैं क्या अपनी जेब से निकालूँ?"

मग ती बाहेरून फिरून खिडकीशी आली. तोंडावर मास्क, काचेला कपाळ टेकलेलं. तिला पट्टी दिसत होती. मला ती दिसत होती. आमच्या मध्ये दोन हात जागा आणि एक काच. तिनं मुख्याध्यापिका साधना मॅडमना तिथूनच फोन लावला. मॅडम म्हणाल्या असतील तेच, मूल आत येणार नाही, सामान बाहेर जाणार नाही, हवा सुधारली की बघू. फोन ठेवून ती काचेतून माझ्याशीच बोलली. "काल फक्त ताक घेतलं रे त्यांनी."

मला धरता येतं. सोडायला बाहेरून हात लागतो. दांड्याचा एक उलटा फेरा, बस. तेवढा मला स्वतःला मारता आला असता तर ती पट्टी मी तिच्या पायाशी टाकली असती. तेवीस दिवस मी ती धरून बसलो. त्या तेवीस दिवसांत मला पहिल्यांदा माझ्या ताकदीची शिसारी आली.

शाळा उघडली. ती वर्गात न जाता आधी लॅबमध्ये आली. घरी फोन लावून तिनं तो माझ्यासमोर उभा केला. फोनमध्ये हणमंत. मी त्याला ओळखलं नाही. गालफडं आत गेलेली, दाढी वाढलेली. बोलणं जड झालेलं, शेवंता शेजारी बसून समजावून सांगत होती.

अक्षतानं वाक पुरा केला, दुसराही दिला, आणि कडा घासायला घेतल्या. फोनमधून घरघर आली.

"आजी, काय म्हणतात?"

"कानस पुढं जाताना दाब, म्हणतात. मागं येताना उचल."

पुन्हा घरघर, जरा लांब.

"आता काय म्हणाले?"

"ते सांगण्यासारखं नाही."

सगळी मुलं हसली. बाई हसल्या. हणमंतचा चेहरा चिडून लाल झाला होता आणि तो मला एकदम जुना हणमंत दिसला. काम उत्तम झालं. मापाला चोख. मी खूप कामं धरली आहेत, मला कळतं.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि ती वस्तू टेबलावर ठेवून नुसती उभी राहिली.

"काय झालं?" समर्थनं विचारलं.

"निघून येतं."

"असं कसं? कणकेवर तर फिट बसत होतं."

"कणकेवर बसतं. हातावर नाही. हात तेवढा राहिला नाही."

आम्ही सगळ्यांनी चूक केली ती ही. ऑक्टोबरातला हात मापला आणि डिसेंबरात त्याला वस्तू दिली. मधल्या दिवसांत हात वाळला. फडकं गुंडाळून पाहिलं, ते वरणानं भिजून घसरलं. तरी हणमंतनं ते फेकलं नाही. "तू केलंस ना," एवढंच म्हणाला, आणि ताटलीकडं बघत बसला. डॉक्टर येऊन सांगून गेले, सोमवारपर्यंत अन्न पोटात गेलं नाही तर नळी. हणमंत म्हणाला, नळी घालून घेणार नाही.

बुधवारी नवी कणीक, नवं माप. गुरुवारी नवी पट्टी कापली, घासली, खाच पाडली. फक्त दोन वाक राहिले. ते शुक्रवारी.

शुक्रवारी सकाळी पान्हा घेऊन माणूस आला आणि मला उचकटून काढलं.

कारण साधं. शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन. कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी सदनातून पाहुणे येणार, कंपनीचे साहेब येणार. गेल्या महिन्यात समर्थचं बोट कापलं होतं, फार नाही, पण पालकांच्या ग्रुपवर फोटो फिरला. मॅडम घाबरल्या. लतिकाबाई त्यांच्याशी बोलायला गेल्या ते मी ऐकलं.

"लतिका, उद्या कोणाचं बोट गेलं तर मी काय तोंड दाखवू?"

"मॅडम, बोट जाऊ नये म्हणूनच शिकवतो आपण."

"ते प्रदर्शनानंतर बघू. आणि ते लोखंड किती जुनाट दिसतं. भंगारवाल्याचा टेम्पो दुपारी येणार आहे, आणखीही सामान जायचंय."

माझ्या जागी पांढरं टेबल आलं. त्यावर समर्थच्या वडिलांनी आणलेला प्लास्टिकचा रोबो हात. फोनवर बटण दाबलं की तो हात हलतो, नमस्कार करतो. पुढं पाटी, 'रुग्णांसाठी मदतीचा हात'. मुलांना भाषण वाटून दिलं आहे.

मला जिन्याखाली टाकलं. टेबलाला आवळलेला नसेल तर शिकंजा हा नुसता दगड आहे. धरायला पाया लागतो. पट्टीवर जोर दिला की मीच उलटतो.

मधल्या सुट्टीत अक्षता लॅबमध्ये गेली, आणि तिथून धावत जिन्याखाली आली. हातात पट्टी. माझ्यापाशी गुडघ्यांवर बसली. जबडे उघडले, पट्टी धरली, एक टोला दिला. मी उलटलो. तिनं सरळ केलं. दुसरा टोला. पुन्हा उलटलो. मग ती रडली. आवाज न करता, दात आवळून. हणमंतच्या घरची रडायची पद्धत तीच असणार.

समर्थ मागून आला. "हट, मी उभा राहतो याच्यावर."

"हत्यार आहे ते. पाय नको लावूस. आजोबांना कळलं तर..."

"आजोबांना जेवायचंय की नाही?"

तिनं डोळे पुसले. वाकून माझ्या डोक्याला हात लावला, तो कपाळाला लावला. समर्थनंही केलं. बूट काढून तो माझ्या बुडावर एका बाजूला उभा राहिला. दुसरी बाजू मोकळी. तेवढ्यात लतिकाबाई शोधत आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. चपला काढल्या, साडी वर खोचली, नमस्कार केला आणि दुसऱ्या बाजूला पाय दिला.

"मार," त्या म्हणाल्या.

पहिला वाक झाला. मी हललो नाही. बिडाच्या अंगावर माणसाचे पाय पडले आणि मला अपमान वाटला नाही, हे खरं सांगतो.

दुसरा वाक अवघड. मनगटापाशी भार पेलावा म्हणून पट्टी दुहेरी घेतली आहे, जोर जास्त लागतो आणि तो पुढच्या अंगाला येतो. पहिल्याच टोल्याला माझं पुढचं अंग उचललं गेलं. समर्थ पडता पडता राहिला. त्यांनी जागा बदलल्या. पुन्हा उचललं. पुढून दाबायला कोणी नाही. अक्षताच्या एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात पट्टीचं टोक. तिला तिसरा हात कुठून येणार?

घंटा झाली. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. चौकीदार फाटक उघडतो आहे.

आणि आत्ता जिन्यावरून साधना मॅडम खाली येत आहेत. भराभर. वरून त्यांना सगळं दिसलं असणार. पाय लावलेली बाई, बूट काढलेला मुलगा, फरशीवर बसलेली मुलगी. त्या चिडल्या आहेत. त्यांचं चिडणं बरोबरही असेल. मॅडम, तुम्हाला उद्याची शाळा सांभाळायची आहे, मला माहीत आहे. मी आयुष्यात कोणाकडं काही मागितलं नाही. मला भंगारात घाला. वितळवून काहीही करा. लॅबमध्ये पुन्हा ठेवा असंही म्हणत नाही.

पण मॅडम, ओरडायचं ते मागून ओरडा. पट्टी माझ्या जबड्यात आहे आणि एक वाक राहिला आहे. आधी सँडल काढा, आणि इथं, माझ्या पुढच्या बाजूला, पाय ठेवा.